हाफला नडगी दुखत असताना शेवटपर्यंत पळालो, आता पुढं काय करू?

तलावकट्टा
रविवारची सोलापूरची हाफ मॅरेथॉन संपवली मंडळी. टायमिंग विचारू नका, सांगण्यासारखं नाही. धागा काढायचं कारण उजव्या पायाची नडगी. सल्ला पाहिजे, आणि एका गोष्टीवरनं घरात वाद चाललाय त्याचाही जमलं तर निकाल लावून द्या.

आधी थोडं मागचं. मी कंबर तलावाच्या बाजूनं सकाळी पळणारा, चाळिशी ओलांडलेला, दिवसभर दुकानात गल्ल्यावर बसून काम. दहा किलोमीटर आरामात व्हायचे. हाफचं नाव दिल्यावर दिवाळीनंतर अंतर वाढवत नेलं, दर रविवारी जरा जास्त. डिसेंबर संपता संपता नडगीच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या चार-पाच बोटं वर, हलकं दुखायला लागलं. सुरुवातीला दुखायचं, पाय गरम झाला की गायब. ग्रुपमधी सगळेच म्हणले असतंय असं, सगळ्यांनाच असतंय.

रविवारी पार्क चौकात अंधारातच गर्दी, डीजे, झुंबा, सगळा थाट. थंडी मस्त होती. सात रस्ता, पत्रकार भवन, विजापूर रोड इथपर्यंत तर उडतच गेलो म्हणा. सैफुलच्या पुढं सोरेगावकडं जायला लागलो आणि नडगी बोलायला लागली. यू-टर्नपर्यंत दात खाऊन गेलो, पाणी प्यायला थांबलो, आणि थांबून परत जो पाय टाकला तेव्हा जी कळ आली ती गुडघ्यापर्यंत. तिथं एक कॉलेजचं पोरगं स्प्रेची बाटली घेऊन उभं होतं, त्यानं मोजा खाली करून फसाफसा मारला आणि म्हणला, काका जाताय का बसताय, मागनं थांबलेल्यांना उचलणारी गाडी यायलीय. म्हणलं जातो.

पुढचं सगळं अंतर म्हणजे नुसती खटपट. टाच आधी टेकवली की नडगी दुखायची, चवड्यावर गेलो की पोटरी धरायची. रस्त्याच्या कडेला उतार असतोय बघा पाणी जायला, तिथं उजवा पाय जास्तच ओरडायचा, म्हणून डिव्हायडरकडं सरकलो तर जरा बरं. मग एका विजेच्या खांबापासून दुसऱ्यापर्यंत पळायचं, पुढचा एक खांब चालायचं, असा हिशोब धरला. सैफुलपाशी एक आजी मेथीच्या जुड्या सोडून बसलेल्या, त्या म्हणल्या, लेकरा लंगडत कशाला पळायलास, रिक्षा कर की. एवढ्या दुखण्यात पण हसू आलं राव.

रंगभवनपासून पुढं लोक टाळ्या वाजवायलेले, तिथं काही आठवत नाही. मेडल गळ्यात पडलं तेव्हा खरं सांगतो काहीच दुखत नव्हतं. संध्याकाळी जिना उतरताना मात्र कठडा धरून एकेक पायरी.

आता चार दिवस झाले. सूज थोडी आहे, चालता येतंय, पण बोटानं दाबलं तर एका जागी कळ जातीय. फेब्रुवारीत अजून एक दहाची रेस आहे, पैसे भरलेत. किती दिवस थांबू? आणि वाद असा की बायको म्हणती यू-टर्नलाच बसायला पाहिजे होतं गाडीत. मला अजिबात तसं वाटत नाही. तुमचं काय मत?

खारी_चहा
अभिनंदन मालक!! हाफ म्हणजे २१.०९७५ किलोमीटर, खायचं काम नाही. बसले असते तर आयुष्यभर त्या गाडीची सीट आठवली असती. हळद टाकून दूध प्या, पाय उशीवर ठेवून झोपा, आठवड्यात उड्या मारताय बघा.

अक्कलकोट_रोड
एवढं दुखेपर्यंत कशाला वाट बघायची ओ. मी तर स्टार्टच्या अर्धा तास आधी एक पेनकिलर मारतो आणि एक खिशात ठेवतो. आजपर्यंत कधी अडलं नाही. फेब्रुवारीची रेस करा बिनधास्त.

नस_नाडी
तलावकट्टा दादा, ते फेब्रुवारीचं आधी डोक्यातनं काढा. मी फिजिओ आहे, रोज असे पाय बघते. पाय न बघता इथं निदान करणार नाही, पण तुम्ही लिहिलेल्या दोन गोष्टी मला आवडलेल्या नाहीत. पूर्वी गरम झालं की जायचं ते दुखणं आता पळेल तसं वाढत गेलं, ही एक. आणि बोट ठेवल्यावर एकाच जागी कळ, ही दुसरी.

नडगीच्या आतल्या कडेला दुखणं पळणाऱ्यांत फार कॉमन आहे, शिन स्प्लिंट म्हणतात त्याला. त्यात दुखरा पट्टा लांब असतो, पाच सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त, पेशंट सगळा तळवा फिरवून दाखवतो की इथून इथपर्यंत. स्ट्रेस फ्रॅक्चरवाला, म्हणजे हाडाला बारीक चीर गेलेला, एक बोट टेकवतो आणि म्हणतो, हितं. पळताना हाडाला बारीक इजा होतच असते, विश्रांती मिळाली की हाड ती भरून काढतं आणि उलट पक्कं होतं. भरून निघायच्या आधीच पुढचा मार बसत राहिला की मग तार वाकवून वाकवून तुटते तसं होतं. आणि गंमत अशी की दम लवकर वाढतो, स्नायू पण बऱ्यापैकी लवकर तयार होतात, हाड सगळ्यात मागं असतं. माणसाला वाटतं छातीत दम आहे, मग वाढवू की अंतर. हाडाला कोण विचारतंय.

रात्री झोपेत ठणकतंय का ते सांगा. ठणकत असेल तर पुढच्या आठवड्यापर्यंत थांबू नका, हाडाच्या डॉक्टरांना दाखवा. एक्स-रे लगेच काढला तर बहुतेक वेळा साफच येतो, पहिले दोन-तीन आठवडे त्यात काही दिसत नाही, त्यामुळं एक्स-रे नॉर्मल आला म्हणून पेढे वाटू नका. एमआरआयमध्ये लवकर कळतं. दुखरी जागा नडगीच्या पुढच्या धारेवर मधोमध असेल तर जास्त काळजी घ्यायची, तिथलं हाड लवकर भरत नाही.

दुसऱ्या कुणी वाचत असेल तर अजून एक. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागतीय, लाल झालीय, असं असेल तर ते पळण्याचं दुखणं समजून चोळत बसायचं नाही, रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी डॉक्टर.

आणि तो स्प्रे. त्यानं कातडी गार पडते, बास. हाडापर्यंत काही जात नाही. फक्त तुम्हाला दहा मिनिटं कमी कळतं.

तलावकट्टा
ताई, पुढच्या धारेवर नाही, आतल्या कडेलाच. तुमचं वाचून दाबून बघितलं, तळवा नाही, बोटच टेकतंय. रात्री कुशीवर वळताना एकदा-दोनदा जाग आली खरी. नेटवर वाचून एका पायावर उडी मारून बघितली तर डोळ्यातनं पाणी.

नस_नाडी
परत उडी मारू नका!! उद्याच दाखवा.

पुण्यातला_सोलापूरकर
अक्कलकोट_रोड, तुम्हाला काही झालं नाही याचा आनंद आहे, पण ते गोळीचं इथं नवीन पोरं वाचतायत म्हणून लिहितो. पळताना रक्त पायांकडे जास्त जातं, किडनीकडे कमी, त्यात घाम गेलेला. अशा वेळी किडनीला रक्त पुरवणाऱ्या नळ्या उघड्या ठेवायचं काम शरीरातली जी रसायनं करतात तीच आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या कमी करतात. २०१७ साली ८० किलोमीटरची अल्ट्रा, म्हणजे मॅरेथॉनपेक्षा लांब रेस, पळणाऱ्यांवर झालेला अभ्यास आहे, निम्म्यांना दर चार तासांनी ४०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन दिली, निम्म्यांना नुसतीच दिसायला तशी गोळी. किडनीवर ताण आल्याचं रक्तात दिसलं ते खऱ्या गोळीवाल्यांत ५२ टक्के लोकांत, दुसऱ्यांत ३४ टक्के. म्हणजे गोळी न घेता पण ताण येतोच, वरनं आपण भर घालायची. आणि आपलं सोलापूर, साडेआठला ऊन चटके देतंय जानेवारीत सुद्धा.

पॉला रॅडक्लिफ माहिती असेल, ब्रिटनची मॅरेथॉन पळणारी. २००३ ला लंडनमध्ये २ तास १५ मिनिटं २५ सेकंद, तेव्हाचा बायकांचा विश्वविक्रम. पुढच्या वर्षी अथेन्स ऑलिम्पिकच्या आधी तिचा पाय दुखावला, सूज उतरावी म्हणून जोरात औषधं घेतली, त्यानं पोट बिघडलं, खाल्लेलं अंगी लागेना. ऑलिम्पिकच्या मॅरेथॉनमध्ये ३६ किलोमीटरच्या आसपास थांबली आणि रस्त्याकडेला बसून रडली, सगळ्या जगानं टीव्हीवर बघितलं. तिकडच्या पेपरवाल्यांनी वाट्टेल ते लिहिलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिनं न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली आणि २००५ ला हेलसिंकीत जागतिक विजेतेपद.

अक्कलकोट_रोड
८० किलोमीटर कोण पळायलंय इथं. मी २१ वाला. आणि घाम येईल तसं पाणी पितो की.

पुण्यातला_सोलापूरकर
बरं. निदान ती खिशातली दुसरी तरी घरी ठेवा.

तलावकट्टा
रॅडक्लिफचं पटलं, पण तिला दोन-अडीच महिन्यात पुढची मोठी रेस होती, कोच होता, डॉक्टर होता. मला वर्षातनं ही एकच. पोरं सकाळी सहाला स्वेटर घालून डफरीन चौकात येऊन उभी होती. गाडीत बसून त्यांच्या समोरनं जायचं? नाही जमत ओ.

खारी_चहा
हेच की. १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकचा तो टांझानियाचा जॉन स्टीफन अख्वारी घ्या. मॅरेथॉनमध्ये धक्काबुक्कीत पडला, गुडघा निखळला, खांद्याला मार. पट्टी बांधली आणि परत पळाला. ७५ जण सुटले होते, ५७ जणांनी संपवली, हा सगळ्यात शेवटचा, पहिल्या नंबरवाल्याच्या तासाभरानंतर स्टेडियममध्ये आला, अंधार पडलेला. पहिला आलेला मामो वोल्डे किती जणांना आठवतो? अख्वारी सगळ्यांना आठवतो.

हळूबाई
मला ह्या अख्वारीचं कौतुकही आहे आणि रागही येतो. त्याच्या छातीवर देशाचं नाव होतं हो. आपल्या छातीवर बिब, म्हणजे नंबराचा कागद, आणि मागं बँकेची जाहिरात.

मी मधेच सोडलेली बाई आहे म्हणून बोलते. दुसऱ्या गावची रेस होती, नाव घेत नाही. मांडीच्या मागची शीर अशी काही धरली की पाय उचलेना. मी थांबले. थांबल्यावर खरा खेळ सुरू. सांगितलं होतं मागनं गाडी येते, आली नाही. ॲम्ब्युलन्स म्हणे पुढं फिनिशजवळ उभी, तिथं फोटो काढायला बरी दिसते ना. एक हळदी-कुंकवाचा हॉल होता, त्याच्या पायरीवर बसले, अंगावरचा घाम गार पडायला लागला, दात वाजायला लागले. शेवटी एका रिक्षावाल्यानं सोडलं, पैसे पण नाही घेतले. आणि आल्यावर ग्रुपमधले काय म्हणले माहितीय? अगं चालत तरी संपवायचं, मेडल मिळालं असतं. मेडल! पत्र्याचं!

तर तलावकट्टा दादा, तुम्ही संपवली, मला वाईट वाटत नाही त्याचं, तुमचा पाय तुमचा. पण 'गाडीत बसून पोरांच्या समोरनं कसं जायचं' हे जे लिहिलंत ना, ते आपल्या सगळ्यांच्या डोक्यात भरवलंय कुणीतरी. माझ्या लेकीला मी त्या दिवशी घरी येऊन सांगितलं, पाय दुखला म्हणून आले परत. ती म्हणली बरं, पोहे आहेत.

आणि मधे सोडायचं तर पद्धत आहे बघा, कुणी सांगत नाही म्हणून सांगते. पाणी-पॉइंटपर्यंत चालत जायचं आणि तिथंच सोडायचं, मधे कुठं रस्त्यात नाही. तिथल्या व्हॉलंटियरला बिब नंबर देऊन सांगायचं की मी सोडतेय, नाहीतर ते शेवटी तुम्हाला शोधत बसतात. दोन-तीनशे रुपये आणि घरच्यांचा नंबर जवळ. पातळ जॅकेट नाहीतर साधी मोठी प्लास्टिकची पिशवी कंबरेला, अंगावर घ्यायला.

शेंगाचटणी
हळूबाई ताई 🙏 पिशवीचं भारी आहे.

मधेच एक शंका, मला नडगी नाही पण पोटरीत गोळा येतो, वांब येते म्हणतो आम्ही, दर वेळी सतरा-अठरा किलोमीटरला. मग पण थांबायचं का? मीठ कमी पडतंय म्हणून मी इलेक्ट्रॉलच्या पुड्या नेतो तरी येतोच.

नस_नाडी
वांब वेगळी. त्यात स्नायू स्वतःच आखडतो, थांबून पायाची बोटं नडगीकडं ओढून धरा, भिंतीला किंवा झाडाला टेकून, सुटेपर्यंत. सुटली की हळूहळू चालून मग पळा, हरकत नाही. पूर्वी सगळा दोष मीठ-पाण्याला द्यायचे. आता बरेच जण म्हणतात की दमलेल्या स्नायूला मेंदू-मज्जातंतूकडून जाणारे इशारे बिघडतात. म्हणूनच रेसमध्ये येते, सरावात येत नाही, कारण रेसमध्ये तुम्ही सरावापेक्षा जोरात पळता. लोणच्याचं आंबट-खारट पाणी प्यायलं की वांब लवकर सुटते असा एक प्रयोग आहे, आणि ते पाणी रक्तात जायच्या आधीच सुटते, म्हणजे मीठ भरून निघण्याचा तिथं संबंध नाही, घशाला चटका बसून तिकडचा इशारा मोडतो असा अंदाज आहे.

दर वेळी सतरालाच येते म्हणजे तुमचे पहिले पाच किलोमीटर फास्ट जातायत. ते हळू करून बघा.

शेंगाचटणी
लोणच्याचं पाणी?? आमच्याकडं शेंगाची चटणी चालेल का 😄

अक्कलकोट_रोड
चटणी खाऊन पळालास तर पाणी-पॉइंटच संपवशील बे.

पुण्यातला_सोलापूरकर
हसण्यावारी नेऊ नका, जास्त पाणी पण वाईट. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ जणांचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्के लोकांच्या रक्तात सोडियम कमी निघालं, आणि त्यात मुख्य हात जास्त पाणी पिण्याचा. पळून आल्यावर वजन वाढलेलं असेल तर समजायचं काय ते. तहान लागेल तसं प्या, प्रत्येक पॉइंटला दोन ग्लास असा नवस बोलू नका.

निवृत्त_मास्तर
सर्व वाचले. आम्ही पळणारे नव्हे, चालणारे. आळंदीपासून पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. पाय दुखतो म्हणून वारीतून कोण परत फिरतो? टाचेला फोड, मांड्या घासलेल्या, पोटऱ्या दगड झालेल्या, तरी सकाळी मंडळी उभीच. मुक्कामाला गावातली माणसे तेल गरम करून बसतात, ओळख ना पाळख, पाय मांडीवर घेऊन चोळतात. तलावकट्टा यांनी केले ते योग्यच केले असे माझे मत.

मात्र एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या दिंडीत एका गृहस्थांचा घोटा खरोखरच गेला. दिंडीप्रमुखांनी त्यांना सामानाच्या ट्रकमध्ये बसवले. ते नको नको म्हणत होते. दोन मुक्काम ट्रकमध्ये, तिथे बसून त्यांनी सगळ्यांच्या भाज्या निवडल्या. पंढरपुरात आमच्याबरोबरच पोहोचले. त्यांची वारी मोडली असे आजवर कुणी म्हटलेले मी ऐकले नाही.

हळूबाई
मास्तर 🙏🙏 हेच म्हणायचं होतं मला. रेसवाल्यांनी पण गाडीत भाजी निवडायला ठेवा.

खारी_चहा
मास्तर तुम्ही दोन्ही बाजूनं बोललात 😀

निवृत्त_मास्तर
दोन्ही बाजूंना पाय आहेत.

तलावकट्टा
अपडेट. एक्स-रे साफ. मी खुश झालो तेवढ्यात डॉक्टर म्हणले ह्याच्यावर जाऊ नका, नस_नाडी ताईंचंच वाक्य. एमआरआय केला. हाड तडकलेलं नाही, पण आत सूज आहे, स्ट्रेस रिॲक्शन म्हणतात म्हणे, तडकण्याच्या अलीकडचं. सहा आठवडे पळणं बंद, मग बघू. प्लास्टर वगैरे नाही. चालायला परवानगी, दुखलं नाही तर. सायकल आणि पोहणं चालेल. बर्फाचं विचारलं तर म्हणले दुखत असेल तर लावा, पण त्यानं हाड भरत नाही. व्हिटॅमिन डी तपासायला सांगितलं, कमी निघालं, एवढ्या उन्हाच्या गावात राहून. दुकानातच असतो ना दिवसभर.

डॉक्टरांनी एक भारी केलं, मला शूज घेऊन बोलावलं होतं. टेबलावर ठेवून मागनं बघितलं, उजवा आतल्या बाजूला झुकलेला, टाचेचा फोम दाबला तर परत वर येईना. किती चालवले विचारलं. मी म्हणलं घेतलेत तेव्हापासून. ते नुसतेच बघत राहिले.

आणि मी विचारलंच त्यांना, शेवटचे दहा किलोमीटर पळालो म्हणून झालं का हे. म्हणले त्या दिवशीच्या दहामुळं की आधीच्या महिन्यामुळं हे कुणीच सांगू शकत नाही, पण लंगडत पळालात ना, मग त्या दहानं बरं तर नक्की केलं नाही. बायकोनं हे वाक्य पाठ करून ठेवलंय.

नस_नाडी
चांगलं झालं वेळेत कळलं. पुढं असं करा. चालताना, जिना उतरताना, दाबून बघताना, कशातच दुखत नाही असे सलग काही दिवस जाऊ देत, आणि डॉक्टर हो म्हणले की मग एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, असं वीस-पंचवीस मिनिटं, एक दिवसाआड. वेळ वाढवा, वेग नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नडगी दाबून बघायची, कळ आली तर एक पायरी मागं. मधल्या काळात पोटरीचे व्यायाम, पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली, डॉक्टरांनी परवानगी दिली की एकेका पायावर. पोटरी जेवढी ताकदवान तेवढा नडगीवरचा मार कमी.

तुम्ही रस्त्याच्या उताराचं लिहिलंत ते बरोबर निरीक्षण आहे. रोज एकाच बाजूनं पळालं की एक पाय कायम खालच्या अंगाला. तलावाला जाताना येताना बाजू बदला, जमेल तिथं मातीवर उतरा, सिमेंटचा रस्ता टाळा. शूज साधारण पाचशे ते आठशे किलोमीटरमध्ये मरतात, वरनं नवे दिसले तरी.

आणि इथल्या सगळ्यांना, रेसमध्ये दुखायला लागलं तर माझा एकच नियम आहे, चाल बदलली का बघा. दुखतंय पण दोन्ही पाय सारखे पडतायत तर वेग कमी करून जा पुढं. लंगडायला लागलात, पाय वाकडा टाकायला लागलात, की संपली रेस. मेथीवाल्या आजींना लांबनं दिसलं ते.

खारी_चहा
आजी फिजिओ निघाल्या!

तलावकट्टा
मान्य, पण मेडल दुकानात गल्ल्यावर टांगलंय, ते काढणार नाही.

त्या फेब्रुवारीच्या दहाचं बिब मेहुण्याला देऊ का? पैसे वाया जायलेत.

पुण्यातला_सोलापूरकर
अजिबात देऊ नका. बिबच्या मागं तुमचा रक्तगट, तुमच्या घरचा नंबर. मेहुणा कुठं चक्कर येऊन पडला तर हॉस्पिटलमध्ये तुमच्या नावानं दाखल होणार आणि फोन तुमच्या बायकोला जाणार. आयोजकांना मेल टाकून नाव बदलून मिळतं का विचारा, नाही म्हणले तर सोडून द्या पैसे.

अक्कलकोट_रोड
तलावकट्टा अण्णा त्या दिवशी व्हॉलंटियरला या, पाण्याच्या टेबलावर उभं राहायला माणसं कमी पडतायत. मी सांगतो त्यांना. उभं राहायला चालतंय ना पायाला?

तलावकट्टा
खुर्ची मिळाली तर येतो की. स्प्रे पण माझ्याकडंच द्या, मारायच्या आधी लंगडतोय का बघतो एकेकाला.

अक्कलकोट_रोड
खुर्ची घरनं आणा.

शेंगाचटणी
नस_नाडी ताई, धाग्यात घुसतोय सॉरी, वडिलांना आषाढीला पायी जायचंय, गुडघा दुखतोय वर्षभर, वय ६४, जिना चढताना कटकट आवाज येतो. आत्तापासून काय करायला लावू?

नस_नाडी
वेगळा धागा काढा. इथं नडगीत गुडघा नको, नंतर शोधायला कुणालाच सापडत नाही. वजन किती, जिना चढताना दुखतं की उतरताना, रोज किती चालतात, हे सगळं लिहा, मास्तरांना पण बोलवा.

निवृत्त_मास्तर
आहे इथेच.